काळी मूठ

“अर्जुनकाका, ती कातड्याची बॅट तुम्ही सुमनला देणार की मला?”

शालननं धाडकन विचारलं, आणि क्लबच्या खिडकीखाली दडलेल्या मैत्रिणींनी हसू दाबलं. ‘विचारून दाखव, तर तू खरी!’ अशी पैज त्यांनीच मधल्या सुट्टीत घातली होती. शालन हल्ली कुणाला भीत नव्हती.

अर्जुनराव पिंपरी गावातले. इंग्रजांच्या काळात ते खडकीला साहेबलोकांच्या क्लबात टेबल-टेनिसची टेबलं मांडायचे. आता कारखान्याच्या वसाहतीतला क्लब सांभाळत. जपानी स्पंजच्या बॅटी आल्यापासून जुन्यांना कुणी विचारत नव्हतं. शालन आणि शेजारची सुमन मात्र त्या हट्टानं गोळा करत. शालनकडे चार, सुमनकडे पाच. त्या एका जास्तीच्या बॅटीपायी शालनला जेवण गोड लागत नसे. त्यात ही कातड्याची, लांब दांड्याची, डफासारखी वाजणारी! तीही सुमनकडे गेली म्हणजे संपलंच.

“रविवारी दोघी आपापल्या बॅटी घिऊन या,” अर्जुनराव म्हणाले. “बघू कुनी नीट जपल्यात.”

शालननं बाबांच्या हत्यारांतला पॉलिश पेपर काढला. चारही बॅटींच्या मुठी घासघासून पांढऱ्याफेक केल्या, वरून रोगण मारलं. सुमनच्या कळकट बॅटी आठवून ती गालात हसत होती.

रविवारी सुमननं पिशवी उपडी केली. मुठी काळ्याकुट्ट, एकीचा तर दोराही सुटलेला. शालननं नाक मुरडलं.

अर्जुनरावांनी तीच सुटक्या दोऱ्याची उचलली. “हिचा गडी डावखुरा. अंगठा हितं रुतायचा बघ.” मग शालनची घेतली, उलटसुलट केली. “पोरी, हिला तर नवरीवानी न्हाऊ घातलंस! कुनाचा हात व्हता हितं? समदं पुसलंस की गं.”

“घाण होती ती, काका!”

“घाण न्हाई, घाम व्हता. खेळनाऱ्याचा.”

कातड्याची बॅट सुमनच्या हातात गेली. वर ती म्हणते कशी, “बघायला येत जा हं, शालन!” शालनच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येईपर्यंत तिच्या डोळ्यांपुढं सुमनच्या त्या सहा मुठीच नाचत होत्या.

तिचे बाबा दौलतराव पहिली शिफ्ट करून नुकतेच चहाला टेकले होते. रुक्मिणीबाई तांदूळ निवडत होत्या. शालननं चपला कोपऱ्यात भिरकावल्या आणि एका बॅटीची गोरीपान मूठ दोघांपुढं धरली.

“बाबा, आई, ऐका. उद्यापासून शाळा सुटली की मी क्लबात खेळायला जाणार.”

“पोरांच्यात?” रुक्मिणीबाईंच्या हातातलं सूप थांबलं.

“पोरांच्यात, नाहीतर भिंतीशी! परकर घालून जाऊ की फ्रॉक, तेवढं तुम्ही सांगा. पण ही मूठ माझ्या घामानं सुमनच्या सहाहीपेक्षा काळी करणार, म्हणजे करणारच!”