अकरा खांद्यांचा कोट

केळीचा चीक कपड्याला लागला की जात नाही. साबण लावा, सोडा लावा, दगडावर आपटा. डाग उलट काळा होत जातो. म्हणून आमच्या रावेरकडे केळी काढणाऱ्या मजुरांचे कपडे वेगळ्या खुंटीवर असतात आणि धुतातही वेगळे. माझे बा, म्हणजे वडील, तोताराम बावीस वर्षं केळीचे घड वाहतायत. त्यांच्या प्रत्येक शर्टाचा डावा खांदा काळा. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. जळगावला फॅशन डिझाइन शिकायला गेले आणि दुसऱ्या वर्षी एकदम डोक्यात आलं, की असं कापड जगातल्या कुठल्याच दुकानात मिळणार नाही.

बांसकट त्यांच्या टोळीतल्या अकरा मजुरांचे जुने शर्ट मी दारोदार फिरून मागितले. बायका हसल्या. "फरशी पुसाले नेते का वं?" टोळीतले उखर्डूनाना तेवढे गंभीरपणे म्हणाले, "काय करशीन त्याचं?"

"कोट करीन नाना. आणि लोकांसमोर दाखवीन तेव्हा तुमची अकराही नावं वाचीन."

त्या एका शब्दावर मला शर्ट मिळाले.

अकरा खांदे कापून मी ते एकाला एक जोडले. घडांवर चढवतात त्या पांढऱ्या पिशव्या धुऊन आतून अस्तर लावलं. ठिबकच्या जुन्या नळीच्या चकत्या कापून बटणं केली. दोन महिने मेघा माझ्या शेजारी बसून होती. मेघा धुळ्याजवळच्या नरडाण्याची, तिचे वडील तिथल्या कारखान्यात. दोन वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो. कुठला खांदा कोणाचा, हे तिला माझ्याइतकंच पाठ होतं.

धुळ्याला निवड होती. निवडलेला कपडा पुण्याला मोठ्या शोमध्ये जाणार होता. चार दिवस आधी मी कोट घेऊन घरी आले, बांना दाखवायला. आणि त्याच रात्री भाऊकीत चुलत आजोबा गेले. सुतक लागलं. कोटाला फक्त गळ्याची पट्टी लावायची राहिली होती. तिच्यावर मी माझं आणि अकरा जणांचं नाव धाग्याने भरलं होतं. आईने हातातली सुई काढून घेतली.

"दहा दिवस सुई धराची नही. अन् घराबाहेर पाय टाकाचा नही."

पाच मिनिटांचं काम होतं. मोरीत बसून गुपचूप करता आलं असतं. केलं नाही. आईचा शब्द मोडवला नाही, आणि शिवाय मेघा होतीच ना! फोन केला तशी ती धावत आली. म्हणाली, "वेडे, पट्टी मी लावते. धुळ्याला कोटही तुझ्या नावाने मीच नेते. तू आईचं ऐक." माझे डोळे भरून आले. मूर्ख कुठली मी!

चौथ्या दिवशी वर्गाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. स्टेजवर माझा कोट, आणि कोटात मेघा. "हे माझ्या वडिलांचे खांदे आहेत," ती माइकवर सांगत होती. "हे कारखान्यातल्या मशिनच्या ऑईलचे डाग आहेत." लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. निवड झाली होती.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबा निदान बापाचं नाव तरी बदलत नाही. कोट चोरला असता तर मी चार शिव्या घालून मोकळी झाले असते. हिने माझ्या बांचा खांदाच उचलून नेला. मी तिला सतरा फोन केले. एकही उचलला नाही.

अकराव्या दिवशी अंघोळ करून निघाले आणि भुसावळला गाडी बदलून नरडाण्याला गेले. दार मेघाच्या वडिलांनी, बन्सीलालकाकांनी उघडलं. समोरच्या भिंतीवर कोट टांगलेला. मेघा आतून आली, मला पाहून दाराशीच थांबली.

"तू स्टेजवर रडली असतीस," ती म्हणाली. "मी बोलले म्हणून निवड झाली."

"काय बोललीस ते ऐकलं मी."

मला काकांपुढे सगळं ओकायचं होतं. पण त्यांनीच शर्टाच्या खिशातून घडी केलेली पट्टी काढली. माझी पट्टी.

"हाई कोटना खिशामा सापडनी," ते म्हणाले. "अन् पोरी, ऑईल पोटवर उडस, हातले लागस. खांदावर कशाले पडी? माले पहिलाच दिन समजनं."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी पट्टीची घडी उलगडून सरळ केली. "बारा वरीस व्हई गयात कंपनीमा. मन्हं नाव आजलगून कोणीच लिन्हं नही."

बारा वर्षांत ज्यांचं नाव कोणी घेतलं नाही त्यांची मला कीव आली आणि त्या कीवेचा राग आला. "वाचा काका," मी म्हणाले. "मोठ्याने वाचा."

ते शाळेतल्या पोरासारखे उभे राहिले आणि वाचू लागले. तोताराम. पुना. भटू. उखर्डू. एकेक करत अकराही. ती सगळी पाठ असलेली मेघा भिंतीकडे तोंड करून उभी होती. वाचून झाल्यावर काकांनी पट्टी माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाले, "तो व्हिडिओ देखीसन रईवारले कंपनीमा मन्हा सत्कार शे. तवपावत कोट ऱ्हाऊ दे, माय. मंग लई जाय."

रविवारपर्यंत न थांबता मी खुंटीवरून कोट काढला. त्यांनी अडवलं नाही. मेघाने "सुलक्षणा" म्हणून एक हाक मारली, ती मी ऐकली आणि चालत राहिले. निवड तिच्या नावावर, कोट माझ्याकडे. पुण्याला ना ती गेली, ना मी.

घरी पोचले तेव्हा बा नुकतेच मळ्यातून आले होते. खांद्यावर ताजा चीक होता, अजून पाण्यासारखा. व्हिडिओचं मी घरी काही सांगितलं नव्हतं; कोट पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"आमचे नावं वाचले का वं तिठी?"

"वाचले, बा."

"अकराच्या अकरा?"

"अकराच्या अकरा."

"कितीक जनानं आयकले?"

मला खोटं बोलता आलं असतं, पण कानात अजून बन्सीलालकाकांचा आवाज होता.

"एकानं," मी म्हणाले.