तिसरी नळी

"मोजायला हवं होतं तुम्ही," अपोलोनिया पुटपुटली आणि सुरीच्या टोकाने आपल्या टोपीच्या काठाची शिवण उसवू लागली. "वीस वर्षं त्या पेटीत हात घालताय. देवाच्या नावाने घालताय. मग आत किती आहेत, ते मोजायला काय झालं होतं?"

समोर कुणीच नव्हतं. बाकीच्या बहिणी वर उन्हात सूत कातत होत्या, हे तिला ठाऊक होतं. जहाज कललं, बादली सरकत जाऊन फळीवर आदळली. शेवटचा टाका तुटला आणि तिच्या मांडीवर एक नळी पडली. बोटाच्या पेराएवढी, हंसाच्या पिसाची. आत गुंडाळलेल्या कागदावर एकच शब्द होता. 'हो'.

त्यांच्या मंडळीत लग्नं माणसं ठरवत नसत. मंडळीचे प्रमुख, थोरले बंधू, प्रार्थना करून प्रश्न विचारत आणि पेटीत हात घालत. पेटीत तीन नळ्या असत: हो, नाही आणि कोरी. कोरी निघाली तर थांबायचं. जे निघेल ते देवाचं उत्तर, त्यावर कुणी ब्र काढायचा नाही. पेटी सांभाळायची ती बिनलग्नाच्या बहिणींच्या ताईने, म्हणजे अपोलोनियाने.

सतरा दिवसांपूर्वी प्रश्न होता, सुतार मेल्खिओर आणि गॉटलीबे यांचं लग्न व्हावं का. त्या सकाळी अपोलोनियाने 'हो'ची नळी काढून घेतली. दुपारी 'नाही' निघालं.

कारण सांगायलाही लाज वाटावी इतकं क्षुल्लक होतं. हेर्नहूट गाव सोडण्यापूर्वी मेल्खिओरने तिच्या चरख्याचं चाक, तिने न सांगता, नीट करून दिलं होतं. चौतीस वर्षांच्या बाईने तेवढ्यावर घर उभारलं. जहाजावर आल्यावर दिसलं, तो सगळ्यांचीच चाकं नीट करतो. चाक नीट झाल्यावरही थांबतो मात्र एकीपाशीच.

शिडी वाजली. अपोलोनियाने नळी मुठीत धरली. गॉटलीबे खाली उतरली, मागोमाग म्हातारी विधवा वेरोना, एक एक पायरी चाचपत.

"आज बिस्किटात किडेसुद्धा नाहीत," वेरोना म्हणाली. "उपास घडवतायत आपल्याला."

गॉटलीबे हसली. मग आपल्या गाठोड्यातून तिने निळी फीत काढली. लग्न झालेल्या बायका टोपीला लावतात तसली, नवीकोरी.

"ताई, हिची कड शिवायची राहिलीय. शिवून देशील? आईने दिली होती. आज 'हो' निघालं तर परवा बेटावर लागेल."

"आज काय निघेल, ते अजून ठरायचंय."

"थोरल्यांचं ठरलंय," वेरोना मध्येच म्हणाली. "वाटेतल्या साखरेच्या बेटावर धर्म सांगायला गेलेल्या बंधू झकारियासची दुसरी बायकोसुद्धा तापाने गेली. आजची चिठ्ठी त्याच्यासाठीच. तो पत्र पाठवतो, हे पोरगी पाठवतात. त्या बेटावर बायका मेणबत्त्यांसारख्या लागतात."

"मावशी!"

"मी म्हातारी आहे. मला कुणी तिकडे पाठवत नाही, म्हणून बोलते."

गॉटलीबे फीत बोटाभोवती गुंडाळत राहिली. "मला भीती वाटते, ताई. पण मग वाटतं, पहिल्या वेळी देवाने 'नाही' म्हटलं, ते उगीच का म्हटलं असेल? त्याला मी तिकडे हवी असेन. मेल्खिओरही तेच म्हणतो. आता तो माझ्याकडे बघत नाही. देवाने नको म्हटलेल्या गोष्टीकडे बघू नये म्हणतो."

अपोलोनियाने फीत घेतली. सुईत दोरा ओवायला तिला चार वेळा प्रयत्न करावा लागला. शिवून झाल्यावर पोरीने तिच्या गालाचा मुका घेतला.

थोड्या वेळाने अपोलोनिया थोरल्यांच्या खोलीच्या दारात उभी होती. थोरले रोजनिशी लिहीत होते. तिने नळी टेबलावर ठेवली.

"मी चोरली होती. त्या दिवशी पेटीत दोनच होत्या."

थोरल्यांनी लेखणी पुसली, नीट बाजूला ठेवली. नळी उचलून पाहिलीसुद्धा नाही.

"कुणाला बोललीस?"

"नाही."

"बरं केलंस. तुझं पाप मोठं आहे, भगिनी. पेनसिल्वेनियाला पोचेपर्यंत मिठाच्या पाण्यात धुणी तू धुवायची आणि प्रार्थनेला मागे बसायचं. ही परत पेटीत घाल. आज तीनही नळ्या असतील."

"आणि ती पहिली चिठ्ठी?"

"ती निघून गेली."

"खोटी निघाली ती! परत काढा. पोरीला बेटावर पाठवायचं ते त्या खोट्या चिठ्ठीवर..."

"देव चोराच्या हातूनही आपलं काम करून घेतो," थोरले शांतपणे म्हणाले. "तुझ्या चोरीतही त्याची इच्छा नव्हती, असं म्हणणारी तू कोण? झकारियास तिकडे एकटा आहे. दीडशे माणसं बाप्तिस्म्याची वाट बघतायत. इथे एका सुताराला बायको मिळाली काय, न मिळाली काय."

तिने मान खाली घातली. तिला वाटलं होतं, ते ओरडतील, छाती पिटतील, निदान दचकतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. तिने नळी उचलली आणि ती वळली. दारात तिचा पाय अडला.

त्या दुपारी पेटी तिने धरली होती, पण हलवली होती थोरल्यांनी. रिवाजच तसा होता. तीन नळ्या खुळखुळतात. दोन नुसत्या टकटक करतात. त्या दिवशी त्यांचा हात आत गेला आणि थांबला होता. धान्यातले दाणे चिवडून बघावेत तशी बोटं फिरली होती. त्यांनी वर, तिच्याकडे पाहिलं होतं. तिला तेव्हा वाटलं होतं, प्रार्थना करतायत.

तिने मागे वळून पाहिलं. थोरले पुन्हा लिहायला लागले होते.

दुपारी वरच्या फळ्यांवर सगळी मंडळी जमली, बंधू एका बाजूला, बहिणी दुसऱ्या. गाणं झालं. इंग्रज खलाश्यांनी दोरांवर लोंबकळत त्याची नक्कल केली, कुणी लक्ष दिलं नाही. मेल्खिओर शिडाच्या खांबापाशी, समुद्राकडे तोंड करून. गॉटलीबे पुढच्या बाकावर, अपोलोनियाच्या शेजारी, हात मांडीवर घट्ट.

"पेटी," थोरले म्हणाले.

अपोलोनिया उठली. तिच्या टोपीचा उसवलेला काठ वाऱ्याने फडफडत होता. तिने पेटी आणली, पण पुढे केली नाही.

"त्या दिवशीचा 'हो' मी चोरला होता," ती म्हणाली. आवाज तिला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा आला. "मेल्खिओर मला हवा होता म्हणून. देवाने नाही म्हटलं नव्हतं, गॉटलीबे. मी म्हटलं."

मग गॉटलीबे बाकावर सरकली, अपोलोनियाच्या रिकाम्या जागेपासून दूर, थेट कडेला. मेल्खिओरने समुद्राकडची मान वळवली.

"भगिनी, बस खाली," थोरले म्हणाले.

"बसते. जी शिक्षा द्याल ती घेते, धुणी धुते, बोटीतून उतरवलंत तर उतरते." तिने पेटी उघडून तिन्ही नळ्या बाहेर काढल्या. सगळ्यांना दिसेल अशी एकेक नळी आत टाकली. "एक. दोन." झाकण लावून हलवली. टक, टक. पुन्हा उघडून तिसरी टाकली, हलवली. या वेळी खुळखुळली. मागे बसलेल्या वेरोनालाही ऐकू गेलं असणार, कारण म्हातारीने मान वर केली.

थोरल्यांनी पेटीसाठी हात पुढे केला. अपोलोनियाने ती छातीशी धरली आणि झाकणावर तळवा दाबला.

"या पेटीला नाही विचारत मी. देवालाही मध्ये आणू नका. तुम्हाला विचारते. त्या दिवशी आत दोनच आहेत, हे तुमच्या हाताला कळलं होतं की नाही? हो की नाही? कोरं उत्तर चालणार नाही, बंधू. बोला."