पडद्याची वरची कड

“दाखवा ना मग. कुठंय तुमचं रफू?” देवळाच्या समितीच्या अध्यक्षांनी देवापुढचा पडदा काढून टेबलावर पसरला होता. त्याचं एक टोक त्यांनी आईपुढे सरकवलं.

आईने चष्मा वर केला, कापड डोळ्यांजवळ आणलं, मग लांब धरलं, त्यावरून अंगठा फिरवला. समितीचे पाच जण खुर्च्यांवर होते. म्हातारे पुजारी खांबाला टेकून जमिनीकडे बघत होते. मी आईच्या मागे उभी होते. तिला इथे ओढून आणणारी मीच.

“सापडत नाही,” आई म्हणाली.

एक जण फिसकन हसला. हसायला काय जातंय! आई कपडे धुण्याच्या दुकानात सव्वीस वर्षं रफू करत होती. सिगारेटने जळलेली पँट असो की उंदराने कुरतडलेला कोट, ती त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढायची आणि भोकावर असे विणायची की गिऱ्हाईक भांडायला उठायचं, “अहो, ही माझी पँटच नव्हे, माझ्या पँटला भोक होतं!” चांगलं रफू दिसत नाही. आईचं चांगलं होतं, एवढाच तिचा गुन्हा.

या देवळात ती सोमवारी दुपारी यायची, देऊळ बंद असताना, मागच्या दाराने. किल्ली पुजाऱ्यांनीच दिलेली. शंभर वर्षांचा रेशमी पडदा, वरून कड्यांच्या ओढीने फाटायचा, खालून भक्तांच्या हातांनी झिजायचा. कुणाला सांगायचं नाही, ही अट तिने पहिल्याच दिवशी घातली होती. लहानपणी मी विचारलं होतं, का गं? म्हणाली, “दुकानात करते ते मालकाचं. तिथं करते ते त्याचं. त्याला माहितेय की.” दुकानाची आठवड्यातली तिची एकच सुट्टी ती. शाळेतून आल्यावर मी कुलूप लावलेल्या दाराला टेकून तिची वाट बघत बसायचे. त्या देवाचा मला तेव्हापासून राग आहे.

पुजाऱ्यांनी अट पाळली. जरा जास्तच पाळली. पडदा टिकतो कसा, असं कुणी विचारलं की आधी ते गप्प बसायचे, मग नुसतं वर बघायला लागले आणि पुढे पुढे ‘कृपा’ म्हणायला लागले. झालं. न फाटणारा पडदा म्हणून देवळाचा बोलबाला झाला, लांबलांबून माणसं यायला लागली. हे कानावर आलं तेव्हा आई हसली. “म्हणू दे. खोटं थोडंच आहे? माझ्या हाताला कुणाची कृपा आहे?” कपाळ माझं!

मग समितीने ठरवलं, पडदा काचेच्या पेटीत टांगायचा. आत दिवे लावायचे आणि पेटी कायमची बंद करायची. आईच्या घशाखाली घास उतरेना.

“वरची कड नुसत्या माझ्या धाग्यांवर उभी आहे गं. मूळचं रेशीम कधीच संपलं. त्या दिव्यांच्या उष्णतेने महिन्याभरात खाली येईल. मागून अस्तर लावायला हवं.”

“मग सांग त्यांना.”

“सांगायचं म्हणजे मी करते हेही सांगावं लागेल.”

चार दिवस ती त्याच एका गोष्टीत अडकून होती. पाचव्या दिवशी मी तिला न विचारता समितीकडे गेले आणि सगळं ओकून आले. खरं सांगते, पडद्याची चिंता मला तिळभर नव्हती. लोकांना एकदा कळावं, एवढंच मला हवं होतं.

“पुजारीबाबा,” अध्यक्षांनी विचारलं, “या बाई इथं शिवायला यायच्या?”

पुजाऱ्यांनी मान वर केली नाही. “दर्शनाला येतात,” ते म्हणाले.

आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. जणू लाज तिलाच वाटली.

“आई, उसव,” मी म्हणाले. “वरच्या कडेचा एक धागा काप. कळू दे सगळ्यांना.”

वरची कड मात्र तिला डोळे मिटूनही माहीत होती. एक धागा ओढला असता तर हातभर कापड सुटलं असतं. तिने पिशवीतून छोटी कात्री काढली, टोक कडेवर ठेवलं. खुर्चीतले पुढे वाकले. आणि या बाईने कात्री पुन्हा पिशवीत टाकली.

“देवाचा आहे. फाडायचा कसा?” ती म्हणाली. “अस्तर तेवढं लावून घ्या. माझ्याकडून नको, कुणाकडूनही घ्या.”

“बाई,” अध्यक्ष अगदी प्रेमाने म्हणाले, “नावच हवं असेल तर देणगी द्या. पाटीवर घालू.”

मग सगळेच हसले.

रस्त्यावर आल्यावर मी तिच्यावर ओरडले. “एक धागा गं, एकच!”

“तुला मी सांग म्हटलं होतं?” एवढंच ती म्हणाली. पुढे आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली.

पेटी बसली. आईने महिना म्हटला होता, पडदा सात आठवडे टिकला. तिचंच काम ते. एका सकाळी, देऊळ गच्च भरलेलं असताना, काचेआड वरची कड सुटली आणि पडदा खाली येऊन ढीग झाला. बायका किंचाळल्या. समितीतल्या कुणाला तरी कात्रीवाली बाई आठवली. चोर सोडून संन्याशाला सुळी! संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या पोरासोरांनाही कळलं की हिने पडद्याला कात्री लावली होती. गिऱ्हाइकं दुकानातून कपडे परत न्यायला लागली. मालक माणूस वाईट नव्हता. “ताई, माझं तुमच्याबद्दल काही नाही,” म्हणाला, “पण मला दुकान चालवायचंय.” आमच्या दारावर कुणीतरी कोळशाने लिहून ठेवलं, पापी हात. आईने ओल्या फडक्याने ते पुसलं. फडकं धुऊन वाळत घातलं.

तिसऱ्या दुपारी पुजारी आले. हातात गाठोडं.

“समितीला माहितेय?” मी दारातच विचारलं.

“अध्यक्षांनीच पाठवलंय. बाहेर कळता कामा नये म्हणाले.”

“लाज नाही वाटत तुम्हाला?”

“वाटते,” म्हातारा म्हणाला आणि तसाच उभा राहिला.

मी दार लावणार होते. तेवढ्यात आईने मागून येऊन गाठोडं घेतलं, खिडकीपाशी नेऊन सोडलं, कड बोटांवर धरली. “या वेळी अस्तर लावू ना?” तिने विचारलं.

अकरा दिवस ती खिडकीत बसली होती. डोळ्यांतून पाणी गळायचं, ते रडण्याचं नव्हतं, नजरेवर ताण येत होता त्याचं होतं. रडले मी. तिच्या हातातून ते कापड हिसकावून चुलीत घालावं असं मला रोज वाटायचं आणि रोज मी तिला सुई ओवून देत होते.

बाराव्या दिवशी गाठोडं गेलं. पंधराव्या दिवशी कर्ण्यावरून जाहीर झालं: पापी हात देवळापासून दूर झाला आणि पडदा आपोआप सांधला गेला. रस्ते माणसांनी फुलून गेले. आई म्हणाली, “बघून येऊ.”

फाटकावर स्वयंसेवकाने हात आडवा केला. “तुम्ही नाही, मावशी.”

“लांबूनच बघते.”

“सांगितलं ना. माणसं चिडतील. उगीच मारबीर बसला तर?”

आई दोन पावलं मागे आली. माझ्या कानाशी म्हणाली, “तू जा. डावा कोपरा बघ. तिथं अस्तर थोडं कमी पडलंय. ओघळलाय का बघ.”

दीड तास मी रांगेत होते. पुढची बाई हुंदके देत होती. मागचे आजोबा आपल्या नातीला सांगत होते, बघ, माणसाच्या हाताने असं होतं का कधी? माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. सांगून एकदा काय झालं ते आठवलं आणि मी मूग गिळले. पेटीपुढे आले, वाकून डावा कोपरा पाहिला, कुणीतरी ढकललं, बाहेर पडले.

आई रस्त्याच्या पलीकडे भिंतीला लागून उभी होती. तिच्या दोन्ही बाजूंना माणसं जागा सोडून चालली होती.

“सरळ आहे,” मी म्हणाले.

“नीट पाहिलंस?”

“बोटभरसुद्धा खाली नाही.”

“मग झालं,” आई म्हणाली आणि घराकडे चालायला लागली.