उच्चार एकच

तेंग सरांच्या क्लासात कोणी चुकलं की बाकीच्यांनी बाकावर टकटक करायची, असा नियम होता. कुठल्याही चुकीला नव्हे, फक्त ‘ही’ आणि ‘शी’च्या. आपल्या कानाला ‘ही’ म्हटलं की बाई आठवते, इंग्रजांची ‘ही’ म्हणजे तो, आणि ‘शी’ म्हणजे ती. वूहानच्या माणसाला हे समजत नाही असं नाही, पण जिभेला सवय नसते. चिनीत बोलताना दोघांनाही एकच शब्द, ‘था’. जन्मभर था-था करत आलेली जीभ इंग्रजीत घाईघाईने हाती लागेल ते उचलते, आणि मग आजोबा बाळंत होतात, बायकोला दाढी येते.

“चला,” सर फळ्यासमोर हात चोळत म्हणायचे, “आज कोणाच्या आजोबांचं बाळंतपण?”

शुवेन मागच्या बाकावर बसायची. क्लासात बहुतेक सगळी कॉलेजातली पोरं, हिची तिशी कधीच उलटलेली. ती इस्पितळात नर्स होती. इंग्रजीच्या परीक्षेतल्या बाकीच्या भागांत तिला चांगले गुण होते, पण बोलण्याच्या भागात सात हवे होते आणि मागच्या वेळी सहाच मिळाले होते. सात मिळाले की आयर्लंडमधल्या नोकरीची वाट मोकळी होणार होती. तिथे पेई यान तिची वाट पाहत होती.

बघा, मराठीत ‘पाहत होती’ म्हटलं आणि बिंग फुटलं. चिनीत ते इतकी वर्षं फुटलं नव्हतं. शुवेनचं कोणीतरी परदेशात आहे, हे वॉर्डात सगळ्यांना ठाऊक होतं. “था-ची ड्यूटी काय असते?” “था-ला सुट्टी कधी?” मैत्रिणी विचारायच्या, शुवेन खरी खरी उत्तरं द्यायची. एका अक्षराचंही खोटं बोलावं लागत नसे. त्या एवढ्याशा शब्दाच्या आडोशाला दोघींचा संसार सुखाने चालला होता. इंग्रजीने मात्र पहिल्याच वाक्यात विचारलं, तो की ती? मागच्या परीक्षेत शुवेन तिथेच अडकली. ‘ही’ म्हणाली, ‘शी’ म्हणाली, माफी मागितली, परत ‘ही’ म्हणाली आणि उरलेला वेळ टेबलाकडे बघत राहिली.

या खेपेलाही सात आले नाहीत तर पेई यान आणखी थांबेल, याची शुवेनला आता खात्री वाटत नव्हती.

त्या दिवशी क्लासात विषय होता, तुम्ही जिच्याशी किंवा ज्याच्याशी नेहमी बोलता अशी व्यक्ती. पोरांनी इंटरनेटवरची तयार उत्तरं घडाघडा म्हटली. तीन जणांचे काका एकाच बोटीवर कप्तान निघाले. मग शुवेनची पाळी आली. पेई यान भात हमखास करपवते आणि वर पातेल्याला दोष देते, ते ती सांगू लागली आणि रंगात येऊन ‘शी’ म्हणून गेली.

टकटक! सगळा वर्ग एकदम.

“अगं बाई,” तेंग सर डोळे मोठे करून म्हणाले, “आयर्लंडला जाऊन बॉयफ्रेंडची बाई झाली की काय? तिकडचं पाणी जपून प्या रे, पोरांनो!”

वर्ग खिदळला. सगळ्यांत मोठ्याने शुवेन हसली. “चुकले सर. ही. ही.”

चुकली नव्हतीच. सगळ्या वर्गात त्या दिवशी एकटीच बरोबर बोलली होती. पण तसं सांगणार कोणाला? बाकावर वाजलेली बोटं तिला घरी जाईपर्यंत ऐकू येत राहिली.

घर म्हणजे नदीच्या अलीकडची एक खोली. वूहानचा हिवाळा ओला, भिंतींतून येणारा. गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून ती फोनमध्ये उत्तर बोलायची, ऐकायची, पुन्हा बोलायची. आता सगळीकडे ‘ही’ होतं. उंच, मितभाषी, मासे छान करणारा एक माणूस तिने उभा केला होता. व्याकरण तपासायला तिने ते पेई यानला पाठवलं. पेई यानने जेवणाच्या सुट्टीत फोन केला.

“ऐकलं. व्याकरण झकास आहे. पण हा कोण?”

“कोण कोण?”

“हा गं. मासे करणारा. मला तर कधी भेटवला नाहीस.”

“वेड्यासारखं करू नकोस. परीक्षेपुरता आहे.”

“क्लासात परीक्षेपुरता, वॉर्डात नोकरीपुरता, आईकडे आईपुरता,” पेई यान म्हणाली. “मग मी कुठे आहे, तेवढं सांग.”

पलीकडे कोणीतरी पेई यानला इंग्रजीत हाक मारली, ती हसून काहीतरी बोलली, आणि शुवेनला त्यातलं निम्मंच समजलं. “जाते,” पेई यान म्हणाली, “सुट्टी संपली.” फोन बंद झाल्यावर शुवेनला इतकं एकटं वाटलं की तिने उगाचच टीव्ही लावला. कोणीतरी बोलत राहावं म्हणून.

रविवारी आईचा फोन यायचा. आई शीशुई गावी राहायची, जन्मभर प्राथमिक शाळेत चिनी शिकवून निवृत्त झालेली. फोनवरसुद्धा ती बोटाने अक्षर गिरवून लिहायची. कळफलकावर उच्चार टाकला की फोन स्वतःच अक्षर सुचवतो, हे तिला पसंत नव्हतं. “अक्षर हाताने काढलं नाही तर ते आपलं होत नाही,” असं तिचं म्हणणं. बोलताना था एकच असला तरी लिहिताना दोन वेगळी अक्षरं आहेत. एकात डावीकडे माणसाची खूण, दुसऱ्यात बाईची. माणूस म्हणजे पुरुष हे तिथेही ठरलेलंच आहे. शुवेन म्हणूनच आईला था-बद्दल कधी लिहून पाठवत नसे. फोनवरच बोलायची.

“था-ला म्हणावं, एकदा येऊन माझ्या हातचं कमळकाकडीचं सूप तरी पिऊन जा,” आई म्हणाली. “मी काही खाणार नाही था-ला.”

“सांगते.”

“इतकी वर्षं सांगतेच आहेस. एक फोटोसुद्धा नाही. काय, एक डोळा नाही की काय था-ला?”

“दोन्ही आहेत, आई.”

“मग झालं तर. माझी काही तक्रार नाही,” आई म्हणाली. तक्रार तिच्या आवाजात ठासून भरली होती.

परीक्षेच्या खोलीत परीक्षक म्हणून एक वयस्कर गोऱ्या बाई होत्या. त्यांना सर्दी झाली होती. त्यांनी कार्ड पुढे सरकवलं. ज्या व्यक्तीसोबत तुम्हाला अजून वेळ घालवायला आवडेल, अशा व्यक्तीबद्दल बोला.

पाठ केलेलं उत्तर शुवेनच्या ओठांवर होतं. “ही इज,” ती म्हणाली आणि थांबली. तो मासे करणारा माणूस समोर येऊन उभा राहिला, आणि त्याच्यासोबत एक मिनिटसुद्धा घालवायची तिला इच्छा नव्हती. खोलीत बाक नव्हता, वर्ग नव्हता. या बाईंची नि आपली पुन्हा गाठ पडायची नाही.

“सॉरी,” ती म्हणाली. “शी.”

मग तिने सगळं सांगितलं. करपलेला भात सांगितला. उन्हाळ्यातही मोजे घालून झोपणं सांगितलं, लिफ्टमध्ये कोणी नसलं की गाणं म्हणणं सांगितलं, विमानतळावर काचेपलीकडून मागे वळून न बघणं सांगितलं. शब्द तुटके होते, पण एकदाही अडली नाही. बाईंनी हात वर करून तिला थांबवलं, नाक पुसलं आणि विचारलं, “तिला तिथे आवडतं का?”

अगदी साधा प्रश्न. पण त्यात ‘शी’ होतं. सवयीने शुवेन टकटक होण्याची वाट पाहत राहिली. झाली नाही. इतक्या वर्षांत पेई यानला ‘ती’ म्हणून तिची विचारपूस पहिल्यांदाच कोणीतरी केली होती, आणि तीही एका सर्दी झालेल्या परक्या बाईंनी, नोकरीचा भाग म्हणून. शुवेनचे डोळे भरून आले.

“आवडतं,” ती इंग्रजीत म्हणाली. “पण ती एकटी आहे.”

परतीच्या बोटीवर वारा बोचत होता. धीर ओसरायच्या आत शुवेनने फोन काढला आणि आईला लिहिलं, “परीक्षा चांगली झाली. था-बद्दलच बोलले.” फोनने सवयीने माणसाच्या खुणेचं अक्षर पुढे केलं. तिने ते बाजूला सारलं आणि बाईच्या खुणेचं निवडलं.

उत्तर लगेच आलं. आईमधली शिक्षिका शाळेतून अजून घरी आलीच नव्हती. “अक्षर चुकलं. डावीकडे माणूस हवा, तू बाई लावलीस. पाठवण्याआधी वाचत जा.”

शुवेनने ते दोनदा वाचलं. ‘घाईत झालं’ एवढं लिहिलं असतं तरी प्रकरण मिटलं असतं. तिने लिहिलं, “चुकलं नाही, आई.”

आई लिहीत असल्याचं फोन दाखवू लागला. मग थांबला. पुन्हा दाखवू लागला. बोट धक्क्याला लागली, माणसं उतरली, पण उत्तर आलं नाही. त्या रविवारी फोनही आला नाही.

निकाल लागला. सात. तिने पेई यानला कळवलं. पेई यान किंचाळली, मग तिने हळूच विचारलं, “कोणाबद्दल बोललीस गं?”

“तुझ्याबद्दल.”

“त्याच्याबद्दल नाही?”

“त्याला हाकललं.”

पेई यान रडत होती की हसत होती ते कळलं नाही. पण दोघींपैकी कोणालाच फोन ठेववेना.

पुढच्या रविवारी शुवेननेच आईला फोन लावला. सात मिळाल्याचं सांगितलं. आई “बरं झालं” म्हणाली. मग कोबीच्या लोणच्याबद्दल बोलली, शेजारच्या म्हातारीच्या गुडघ्यांबद्दल बोलली, तिकडे गरम कपडे ने म्हणाली. शुवेन हूं हूं करत राहिली. मग आईने एकदम विचारलं,

“विमानतळावर था येणार ना तुला घ्यायला?”

शुवेनने फोन कानाशी घट्ट दाबला. डावीकडे माणूस होता की बाई? इतकी वर्षं ज्या आडोशाला ती राहिली, त्याच आडोशाला आज आई जाऊन उभी राहिली होती, आणि बाहेरून काही दिसत नव्हतं. उच्चार एकच.

“अगं, आहेस ना? विचारलं मी, था येणार ना?”

“येणार,” शुवेन म्हणाली.