पूनमची गोळी

संत्र्याच्या बागेचे पाणी शकुबाईंच्या शब्दावर सुरू होई आणि त्यांच्याच शब्दावर तोडले जाई. त्यामुळे सून पूनम नागपूरच्या डॉक्टरांकडून आली, तेव्हा निर्णय कोणी घ्यायचा हा प्रश्न पांढुर्ण्याच्या त्या घरात कोणालाच पडला नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या तिच्या गाठीला गोळी चांगली लागू पडली होती. मात्र ती मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास क्वचित हृदयाच्या झडपा जाड होतात, म्हणून एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या, असे डॉक्टरांनी बजावले होते.

"झाडालेही ताण द्या लागते," शकुबाई म्हणाल्या. "पाणी तोडलं का झाड इसावा घेते, मंग बहार धरते. गोळी बंद कर. आधी दिल सांभाळ."

"पण आई, एको..."

"तपासल्यानं झडप सुधरते काय वं?"

दिवाळीनंतर गोळी थांबली. एको राहूनच गेला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण वाटताना पूनम कडेला बसलेल्या उर्वशीबाईंना वगळून पुढे गेली.

"सूनबाईनं आमाले वाळीत टाकलं का हो, शकुबाई?"

बायका हसल्या. शकुबाई हसल्या नाहीत. पाहुण्या गेल्यावर त्यांनी सुनेच्या कानामागून हात हळूहळू पुढे आणला. तो गालापुढे येईपर्यंत पूनमची नजर हलली नाही.

"कडेचं दिसत नाही, हे काहून सांगितलं नाही?"

"कोणाले सांगू, आई? गोळी बंद त तुमीच करवली."

दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीने शकुबाई स्वतः तिला घेऊन नागपूरला गेल्या. गाठ पुन्हा वाढून डोळ्यांच्या नसा दाबत होती, म्हणून कडेचे दिसत नव्हते. एकोत एका झडपेची किंचित गळती दिसली. ती गोळीमुळेच आहे असे म्हणता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. गोळी सुरू करून दरवर्षी एको करावा, हा त्यांचा सल्ला होता, नाहीतर शस्त्रक्रिया. बोलून झाल्यावर त्यांनी, सगळेच पाहत तसे, शकुबाईंकडे पाहिले.

शकुबाईंच्या ओठांवर हुकूम आलाच होता. त्यांनी तो गिळला.

"माह्याकडे काय पाहता? डोळे तिचे, दिलही तिचं. पूनम, तू बोल."

पूनमने हातातले पदराचे टोक सोडले आणि डॉक्टरांकडे पाहिले.

"गोळी घेईन," ती म्हणाली. "एकोही करीन. अन् पुढं काही वाटलं, त आधी डॉक्टरले विचारीन."

'आधी' हा शब्द शकुबाईंना खोलवर लागला.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि मोठ्या कष्टाने तेवढ्यावरच थांबल्या.