ओरुरोचा नापास लॅपटॉप

मी ओरुरो शहरातल्या निकोलासा वाराची यांच्या भरतकामघरातला लॅपटॉप. वय वर्षे अकरा. दोन बटणांवरची अक्षरं पार झिजलीत, आणि चार्जर काढला की दहा मिनिटांत मी मान टाकतो.

कारखान्यातला जन्म मला आठवत नाही. पहिलं काम मात्र पक्कं आठवतं: कार्निव्हलमधल्या सैताननाचाच्या अंगरख्यावरचा सात डोक्यांचा नाग. निकोलासाबाई माझ्या पडद्यावर नक्षी जुळवत, मी ती एका कार्डावर भरून देई, आणि ते कार्ड मशीनमध्ये घातलं की नाग कापडावर भरला जाई. वर्षानुवर्षं हेच चाललं. माणसांची एक खोड आहे, वस्तू अडली की तिला थोपटतात आणि चालली की विसरतात. बाई तर माझ्या पाठीवर गरम आपीचा, म्हणजे जांभळ्या मक्याच्या पेयाचा, पेला ठेवत.

यंदा मिरवणुकीला चार दिवस उरले असताना पडद्यावर सूचना आली: जुन्या सिस्टीमला यापुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत, नवी घ्या. बाईंची मुलगी येसेनिया हिनं माझी तपासणी केली.

"आई, ह्याचा प्रोसेसर जुना आहे. नवी सिस्टीम ह्याला घेतच नाही."

"मग आजवर चालतोय कसा?"

"तुझ्यासारखाच. हट्टानं."

"जास्त बोलू नकोस. बारा अंगरखे बाकी आहेत."

"म्हणून तर म्हणते, उद्या नवा आणू. हा दे भंगारात."

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं राबून मी नापास ठरलो होतो, आणि समोरच्या भरतकामवाल्या फर्मिनचा लॅपटॉप आदल्याच दिवशी पास झाला होता. फर्मिन ते गल्लीभर सांगत फिरत होता.

सकाळी मायलेकी दुकानात जायला निघाल्या, तोच फर्मिन दारात उभा. तोंड एवढंसं झालेलं.

"ताई, तुमचं ते डबडं चालू आहे ना?"

"डबडं म्हणणाऱ्याला कशाला हवंय?"

"चुकलो, ताई. नव्या सिस्टीमवर माझा नक्षीचा प्रोग्रॅम उघडतच नाही. तो बनवणारी कंपनीही बंद पडलीय. कालपासून मशीन ठप्प आहे, आणि नऊ अंगरखे अर्धवट."

येसेनिया मटकन खुर्चीत बसली. "आई, नव्यावर आपलंही हेच झालं असतं."

बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि मला चालू केलं. माझा जीव भांड्यात पडला.

येसेनियानं सगळ्या नक्ष्यांच्या प्रती काढून ठेवल्या आणि माझं इंटरनेट तोडलं. "आता ह्यानं बाहेर भटकायचं नाही, घरात बसून काम करायचं," ती म्हणाली. तीन दिवस मी दोन्ही घरांची कार्डं भरली. शनिवारी एकवीस सैतान नवे अंगरखे घालून नाचले म्हणे. मी खिडकीतून फक्त बँडचा आवाज ऐकला.

कार्निव्हलच्या मंगळवारी, इथल्या रिवाजाप्रमाणे, बाईंनी कामाच्या वस्तूंना रंगीत फिती बांधायला घेतल्या. पुढंही घरात ठेवायची असेल त्याच वस्तूला फीत मिळते. आधी मशीन झालं, मग कात्री. मी डोळे लावून बसलो होतो. बाई माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी आशीर्वादाचे थेंब शिंपडायला बिअरची बाटली उचलली.

"आई, बटणांवर नको."

"कळतं मला. टेबलाच्या पायावर शिंपडते."

तुमच्याकडेही असा एखादा नापास म्हातारा असेल, तर भंगारात देण्याआधी एवढंच बघा, त्याच्यावाचून कोणतं काम अडेल. माझ्या पडद्याला पिवळी फीत आहे. बाईंनी दोन गाठी मारल्यात.