पाठ केलेलं खरं

विमानतळावर कस्टमच्या टेबलामागे उभं राहून ज्याने आयुष्यभर लोकांच्या बॅगा उपसल्या, त्याला सगळे एक्स-रे म्हणायचे. मशीन एक वेळ चुकेल, हा चुकायचा नाही, अशी ख्याती. युनिफॉर्मबरोबर ती ख्यातीही घरी आल्यावर काढून ठेवावी, हे त्याला कधी सुचलं नाही.

मुलगी शाळेतून उशिरा आली की उलटतपासणी व्हायची. नजर खाली गेली, की खोटं. दुसऱ्यांदा विचारल्यावर शब्द बदलला, की खोटं. पोरगी बिचारी साधी सर्दी झाल्याचंही बापाच्या डोळ्यांत बघून सांगायची. धंद्यातली खरी मेख मात्र त्याने घरात कधी सांगितली नव्हती: जो घोकून आल्यासारखा बोलतो, त्याची बॅग आधी उघडायची.

लग्नानंतर वर्षभरात ती एकटीच माहेरी आली. बापासमोर ताठ बसली आणि नवरा मारतो, हे पहिल्या थपडेपासून गळा आवळण्यापर्यंत क्रमाने सांगितलं. डोळ्यांत टिपूस नाही, एक शब्द इकडचा तिकडे नाही. त्याने पुन्हा विचारलं, तर पुन्हा तेच, तसंच. बाबांना कुठे शंका यायला नको, म्हणून ती बसमध्ये सगळं पाठ करत आली होती.

"पढून आल्यासारखं बोलतेस," तो म्हणाला. "खरं बोलणारा माणूस अडखळतो गं, मागेपुढे होतो."

बायको म्हणाली, चार दिवस राहू दे पोरीला. पण हा पडला एक्स-रे. संध्याकाळी स्वतः तिला सासरी सोडून आला. जावई दारात गोंधळला, डोकं खाजवलं, वाक्य अर्धवट सोडलं, चुकलंमाकलं म्हणून हसला. खरं बोलणारा माणूस कसा असतो, ते एक्स-रेला तिथे स्पष्ट दिसलं.

आता ती हॉस्पिटलमध्ये होती. हात प्लास्टरमध्ये, जबडा सुजलेला. जावई खाली औषधं आणायला गेला होता. जबाब घ्यायला आलेल्या पोलीसबाईला ती सांगत होती, जिन्यावरून पडले, म्हणजे आधी बादली घसरली, नाही, बादली नंतर, मी फोनवर होते वाटतं. ती थांबत होती, चुकत होती, चूक सुधारत होती. पोलीसबाई मान हलवत लिहीत होत्या.

एक्स-रे शेजारी उभा राहून ऐकत होता. असा जबाब कुणी टेबलासमोर दिला असता, तर त्याने बॅगेला हातही न लावता जाऊ दिलं असतं.

"मॅडम, ही खोटं बोलतेय," तो म्हणाला.

पोलीसबाईंनी मुलीकडे पाहिलं. मुलीने मानेनेच नाही म्हटलं. बाईंनी तिची सही घेतली, काका, तुम्ही जरा बसा, पाणी प्या, असं समजुतीने सांगितलं आणि त्या निघून गेल्या.

तो कॉटशेजारच्या खुर्चीवर टेकला. जन्मात पहिल्यांदा तो कुणाकडे खरं भीक मागावी तसं मागत होता.

"बाळा, मला तरी खरं सांग."

"सांगितलं होतं, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही मला सोडून आलात, त्या रात्री त्यांनी विचारलं, बापाला काय काय सांगितलंस? तेही सांगितलं. त्यांचा लगेच विश्वास बसला."

बाहेर जावयाच्या चपला वाजल्या. तिने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि बापाला खुर्ची रिकामी करायला सांगितली.